नैरोबी, १९६८ आणि आजीच्या ओव्या

आज एमएच्या तासाला १९६८ सालचं एक छोटंसं टिपण वाचलं. संध्याकाळ झाली तरी डोक्यातून जात नाहीये.

केनिया स्वतंत्र होऊन पाच वर्षं होत आली होती, तरी नैरोबीच्या विद्यापीठीय कॉलेजात साहित्य शिकायचं म्हणजे इंग्रजी विभागातच. न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि ताबान लो लियोंग या तिथल्या तिघा प्राध्यापकांनी त्या टिपणात थेट लिहून दिलं, की हा विभाग बंद करा. इंग्रजीचा द्वेष म्हणून नव्हे. त्यांचा प्रश्न एवढाच होता की अभ्यासाच्या मध्यभागी आफ्रिका का नसावी? बाकीचं जग तिथून पाहू. पुढे तिथे खरोखरच साहित्य विभाग उभा राहिला.

(याच न्गुगींना १९७७ च्या अखेरीस गिकुयू या केनियातल्या भाषेत लिहिलेल्या नाटकापायी तुरुंगात टाकलं. तिथे त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. हे ऐकताना वर्गात कुणी बोलेना.)

मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. मौखिक परंपरा, म्हणजे गाणी, कथा, म्हणी, हा त्यांच्या मागणीचा गाभा होता. आणि मला माझी आजी आठवली. शाळेचं तोंड न पाहिलेली, जात्यावर बसली की ओवीमागून ओवी गाणारी. पाच वर्षं साहित्य शिकतेय, पण तिचं गाणं साहित्य म्हणून कधी ऐकलंच नव्हतं.

घरी येताच आईला फोन केला. तिला चार ओव्या आठवल्या. पाचवी अर्धीच. मावशीला विचारून सांगते म्हणाली.