शिळं पाणी

काल दुपारी आई हॉलमधे आली, काचेच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसली, चांगली पाच मिनिटं एकटक बघितलं आणि मग म्हणाली, अरे पण यात मासे कुठायत?

नाहीयेत. महिना होत आला. फिल्टर चालू, हवेचा पंप बुडबुडतोय, हीटर चालू, पाणी २९ डिग्री, आणि आत मासा नाही. वर मी रोज सकाळी त्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकतो. पितरांना घास ठेवतात तसं. दुकानदार म्हणाला होता, दादा, डिस्कस ठेवायचेत ना, मग आधी टाकी सायकल होऊ द्या. आईला हे सांगितलं तर तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. म्हटलं, अगं ते खाणं कुजतं, त्याचा अमोनिया होतो, मग फिल्टरच्या स्पंजात बॅक्टेरिया धरतात, एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट, हे सगळं बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर मासा टाकला तर तो मरतो. आई म्हणाली, म्हणजे घाण करतोयस. हो, एका अर्थी.

डिस्कस म्हणजे ताटलीसारखा गोल, चपटा, अमेझॉनचा मासा. नखरे भरपूर. एकटादुकटा ठेवायचा नाही, पाच-सहा तरी हवेत, नाहीतर एकाला बाकीचे छळतात. पाणी मऊ हवं, किंचित आंबटाकडे झुकणारं हवं, आणि कोमट. आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी नवीन बादलीला महिन्याभरात पांढरं करतं, ते बाद. मग राहिलं नळाचं, म्हणजे गंगापूर धरणाचं. नाशिकची डिसेंबरची पहाट दहाच्या खाली जाते, अख्खं घर गोधडीत, आणि हॉलमधे नसलेल्या माशांसाठी दीड-दीडशे वॉटचे दोन हीटर. दोन कशाला, तर एक बंद पडला तर दुसरा असावा. टाकी चार बाय दीड बाय दीड, म्हणजे अडीचशे लिटर, म्हणजे पाण्याचंच अडीचशे किलो वजन. खाली थर्माकोल घातलाय, तरी स्टँड हलत तर नाही ना हे मी जातायेता बघतो, ही माझी खोड.

पाण्याला रंग यावा म्हणून बदामाची पानं टाकलीत. काजू-बदामातला बदाम नाही, आपला देशी, शाळेच्या कंपाऊंडमधे असतो तो, ज्याची फळं आम्ही दगडाने फोडून आतली काडीएवढी बी खायचो. त्याची लाल होऊन गळलेली पानं धुऊन टाकली की पाणी कोऱ्या चहासारखं होतं. अमेझॉनची एक मोठी उपनदी आहे, रिओ निग्रो, तिचं पाणी कुजलेल्या पानांमुळे असंच काळपट असतं आणि तिथे डिस्कस राहतात. कॉलेज रोडला फुटपाथवर वाकून पानं वेचताना ओळखीचे एक काका भेटले, त्यांना रिओ निग्रो सांगायची हिंमत झाली नाही, औषधाला लागतात म्हटलं.

आणि ड्रम. गॅलरीत निळा ड्रम आहे, त्यात नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवायचं, क्लोरिन उडून जाऊ द्यायचं, मग टाकीत घालायचं. थोडक्यात पाणी शिळं करायचं. इथे मला आजी आठवते. पंचवटीतल्या वाड्यात पहाटे नळ आला की आजी पहिलं काम करायची ते तांब्याच्या हंड्यातलं कालचं पाणी तुळशीला ओतून टाकायचं. शिळं पाणी देवाला नाही, माणसालाही नाही. पाहुणा आला तर पेल्यातलं ओतून नवीन. घरात दुसरं काही असो-नसो, पाणी ताजं.

मी दुसरीत असेन. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आम्ही पोरं रुमालाने बारके मासे धरायचो, तसे चार मी हॉर्लिक्सच्या बाटलीत घरी आणले. नदीचंच पाणी होतं, जरा गढूळ. दोन दिवस चांगले जगले. तिसऱ्या दिवशी सकाळी आजी म्हणाली, अरे, कसल्या पाण्यात ठेवलंयस त्यांना, आणि तिने स्वतः नळाखाली बाटली धुतली, ताजं पाणी भरलं, मासे परत सोडले. मला म्हणाली, बघ आता कसे खेळतात. शाळेतून आलो तर चारही वर तरंगत होते. आजी म्हणाली, थंडीने गेले असतील. आम्ही दोघं जाऊन त्यांना गंगेत सोडून आलो.

एवढ्या वर्षांनी, ड्रमवरचं झाकण काढताना, मला कळलं ते कशाने मेले. आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. बरं झालं कधी कळलं नाही तिला.

परवा पाणी आलं नाही. आईने न विचारता ड्रममधून दोन तांबे घेतले आणि कुकर लावला. मी म्हटलं, अगं, ते शिळंय. ती म्हणाली, माशांना चालतं ना.

मासे आणायचे पुढच्या रविवारी ठरलंय. बघू, स्पंज अजून नीट धरलेला वाटत नाही.