घारापुरीच्या वाटेवर तुर्भ्याचा घुमट

घारापुरीला जायचं तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. लाँच गेटवेवरून सुटते, तासभर लागतो. वरच्या डेकवर बसायचे पैसे वेगळे घेतात, पण ते द्याच. डावीकडे तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) डोंगर दिसतो तो तिथूनच नीट.

सोबत काका होते. त्यांची उभी नोकरी तुर्भ्याला, बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात. जेट्टीवरच्या रांगेतूनच त्यांनी जुन्या यॉट क्लबची दगडी इमारत दाखवली. कुलाब्याच्या टोकाला जाण्याआधी टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, इथे होती. देशाचा अणुकार्यक्रम उभारणारे होमी भाभा इथलेच, आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करणारे गणिती दामोदर कोसंबीही इथलेच. अणूच्या मागे लागण्यापेक्षा आपल्या देशाने सूर्यशक्ती धरावी, असं कोसंबी उघड बोलत. भाभांशी मतभेद वाढत गेले आणि १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

बुचर आयलंडच्या तेलाच्या टाक्यांपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक फिकट घुमट दिसला. ‘सायरस,’ काका म्हणाले. अणुभट्टी कॅनडाची, तिला चालायला लागणारं जड पाणी अमेरिकेचं, करारात शब्द शांततेचे. ती १९६० मध्ये सुरू झाली आणि २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. तिच्यातून दवाखान्यांसाठी आयसोटोप, म्हणजे उपचाराला लागणारे किरणोत्सारी पदार्थ निघाले, आणि १८ मे १९७४ ला पोखरणला जो अणुस्फोट झाला त्याचं इंधन, प्लुटोनियम, तेही तिच्यातलंच. त्या स्फोटालाही आपण ‘शांततामय’ म्हटलं! कॅनडाने मात्र सहकार्य तोडलं.

‘काका, तुम्हाला कधी काही वाटलं नाही?’

‘आमच्याकडे आयसोटोपचं काम होतं. कॅन्सरच्या पेशंटना जायचे ते.’

‘आणि प्लुटोनियम?’

‘ते दुसऱ्या इमारतीत.’

हे उत्तर मला अजून सलतंय. काका खोटं बोलत नव्हते. पण काम असं इमारती-इमारतींत वाटलं गेलं की जबाबदारी नेमकी कोणाच्या टेबलावर पडते? ‘आम्ही शोध लावतो, वापर सरकार ठरवतं’ हे शास्त्रज्ञांचं उत्तर भाभांच्या बाबतीत तर मुळीच टिकत नाही. चीनच्या पहिल्या अणुचाचणीनंतर काही दिवसांतच, ऑक्टोबर १९६४ मध्ये, त्यांनी आकाशवाणीवरून दहा किलोटनांच्या (दहा हजार टन टीएनटीइतक्या) अणुस्फोटाची किंमत सांगितली होती: साडेसतरा लाख रुपये. किंमत सांगणारा माणूस नुसता शोध लावणारा उरत नाही.

बेटावर एकशेवीस पायऱ्या, माकडं, काकडी-कैरी विकणाऱ्या मावश्या. त्रिमूर्तीबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी भर घालत नाही. एवढंच सांगते, दुपारच्या आत पोचा, उजेड चांगला असतो.

परतीच्या लाँचवर काकांनीच विषय काढला. ‘तुझे कोसंबीसुद्धा पगार तिथलाच घेत होते ना?’

‘घेत होते. पण तिथे बसून विरोधात बोलत होते.’

‘आमच्यात तसं बोलणारा एकही नव्हता,’ काका म्हणाले, आणि चहावाल्याला हाक मारली.