पॅलिसेड्सचे 'जायंट स्टेअर्स': पायऱ्या नाहीत, नुसते धोंडे

न्यू जर्सीत हडसन नदीकाठी पॅलिसेड्स नावाचा उंच कडा आहे, त्याच्या पायथ्याची ही वाट. ट्रेकच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'सोपी ते मध्यम, हडसन नदीच्या काठाकाठाने'. त्यावर विसंबून आम्ही माणशी ४० डॉलर भरले. आम्ही म्हणजे मी, बायको आणि पुण्याहून महिनाभरासाठी आलेला मेहुणा. १२० डॉलरमध्ये काय मिळालं ते आधीच सांगतो. गाइडने कड्याच्या माथ्यावरच्या स्टेट लाइन लुकआउटच्या पार्किंगपासून पायथ्याच्या फॉरेस्ट व्ह्यूपर्यंत खाली नेलं, कड्याकडे हात करून 'हा सगळा लाव्हा' असं सांगितलं, आणि जिथे खरी वाट, म्हणजे 'जायंट स्टेअर्स', सुरू होते तिथे थांबून म्हणाला, पुढचा भाग आमच्या विम्यात बसत नाही, इथून परत फिरू. पैसे परत मागितले तर म्हणे अर्धा ट्रेक झालाय की.

वाट सार्वजनिक पार्कातली, फुकटची. नदीकाठच्या या वाटेला, शोअर ट्रेलला, पांढरे पट्टे आहेत, झाडावरही आणि दगडावरही. गाइडची काडीची गरज नाही. आणि तो लाव्हा तर मुळीच नाही.

दहापैकी सात जण गाइडबरोबर वर गेले. मेहुण्याने मान वर करून कडा पाहिला. "पाचशे फूट? दाजी, एवढं तर आम्ही भजी खायला चढतो सिंहगडावर." म्हटलं, चला.

चढ हा इथला प्रश्नच नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. पुढचा साधारण एक माइल वाट अशी नाहीच. कड्यावरून कोसळलेल्या दगडांचा ढीग थेट नदीपर्यंत उतरलाय आणि तो आडवा पार करायचा. फ्रिजएवढे धोंडे, काही छोट्या टेम्पोएवढे. एकावरून दुसऱ्यावर, मध्ये फट, फटीत किती खोल जातंय ते दिसत नाही. ऑक्टोबरचा शेवट असल्यामुळे सगळ्या फटींवर पिवळी-तांबडी पानं पसरलेली. रंग बघायला लोक लांबून येतात म्हणे. मला त्या पानांचा राग आला. पाय ठेवला तर खाली दगड की पोकळी, हे ठेवल्यावरच कळतं. मेहुण्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला तेव्हा सिंहगडाचा विषय कायमचा संपला. गुडघा सोलवटला, पँट फाटली. त्याच्या काठ्या त्याआधीच मी सॅकला बांधायला लावल्या होत्या, कारण इथे दोन्ही हात मोकळे लागतात. त्या बांधल्या नसत्या तर मनगट मोडलं असतं.

एका माइलला आम्हाला पावणेतीन तास लागले. मध्ये खाली सुटायची सोय नाही, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी. निघाल्यावर पुढे जायचं किंवा आल्या वाटेने परतायचं. मध्यावर पोचल्यावर दोन्ही सारखंच वाईट.

त्या मध्यावरच एका धोंड्यावर बसून संत्री खाल्ली. बाकी काही करण्यासारखं नव्हतं म्हणून दगड नीट पाहिला. ताजा फुटलेला भाग होता. त्यात मिठासारखे पांढुरके आणि काळपट कण एकात एक विणलेले, नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसणारे. तळहात घासला तर सँडपेपर. आपला पाट्या-वरवंट्याचा काळा दगड आठवा, त्यात कण दिसतच नाहीत. तो लाव्हा, जमिनीवर येऊन भरभर निवलेला. इथला शिलारस वर आलाच नाही. वालुकाश्म आणि शेलच्या थरांमध्ये आडवा घुसला, जवळपास ३०० मीटर जाडीने पसरला आणि जमिनीच्या पोटातच सावकाश थंड झाला. याला सिल म्हणतात. सावकाश निवल्यामुळे स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला, म्हणून ते डोळ्यांना दिसतात. ४० डॉलर घेणाऱ्याला एवढं तरी माहीत असावं.

हे झालं २० कोटी १० लाख वर्षांपूर्वी, पँजिया हा एकसंध महाखंड फाटत असताना. आजची उत्तर अमेरिका आणि आफ्रिका तेव्हा खेटून होत्या. मधली जमीन ताणली गेली, खचली, खोरी तयार झाली. न्यू जर्सीचा बराच भाग अशाच एका खोऱ्यात, नेवार्क बेसिनमध्ये येतो. ताणामुळे पातळ झालेल्या कवचातून शिलारस वर सरकला, आणि तोही एकट्या इथे नाही. मोरोक्को, पश्चिम आफ्रिका, स्पेन-पोर्तुगाल, ब्राझील, सगळीकडे त्याच उद्रेकाचे तुकडे सापडतात. मुख्य धमाका भूशास्त्राच्या हिशेबाने क्षणात, सहा-एक लाख वर्षांत, आटोपला. ट्रायासिक या भूशास्त्रीय कालखंडाच्या शेवटी जी मोठी जीवहानी झाली, तिचा दोष बहुतेक अभ्यासक यालाच देतात. गंमत अशी की नेवार्कची भेग पुढे फाटलीच नाही. समुद्र उघडला तो आणखी पूर्वेला, अटलांटिक म्हणून. म्हणजे आम्ही ज्यावर गुडघे फोडत होतो तो एका न झालेल्या महासागराचा काठ.

आता धोंड्यांचं. शिलारस निवताना आकसला, उभ्या भेगा पडल्या, खांब तयार झाले. उभे ओंडके रोवून केलेलं कुंपण म्हणजे पॅलिसेड, नाव त्यावरूनच. भेगांत पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि खांब थोडा थोडा पुढे ढकलतं. मग एक दिवस तो जातो. मे २०१२ मध्ये स्टेट लाइन लुकआउटजवळ कड्याचा मोठा तुकडा याच वाटेवर कोसळला. शेजारच्या लमाँट-डोहर्टी वेधशाळेच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. त्या जागेचे दगड अजून ताजे, फिकट रंगाचे दिसतात. तिथे थांबून फोटो काढू नका. आम्ही काढले, पण काढू नका.

(ही वेधशाळा याच सिलच्या माथ्यावर, राज्याची हद्द ओलांडली की लगेच. मरी थार्प ही भूशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात तिथेच अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढत होती आणि समुद्राच्या मधोमध जाणारी दरी तिलाच आधी दिसली. सहकाऱ्याने सुरुवातीला उडवून लावलं होतं. आमच्या गाइडच्या तोंडून तिचं नाव निघालं नाही.)

जाणाऱ्यांसाठी, रोखठोक. आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर जाऊ नका. शेवाळ असलेला दगड ओला झाला की साबण होतो. पानगळीत जाऊ नका, एप्रिल-मे बरा. उन्हाळ्यात कॉपरहेड साप याच उबदार धोंड्यांत असतात, फटीत हात घालण्याआधी बघा. तीन पानांची वेल दिसली तर धरू नका, पॉयझन आयव्ही आहे. दहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रा दोन्ही घरी. आईवडील इंडियातून आले असतील तर त्यांना वरच्या लुकआउटवर बाकावर बसवा, नदी तिथूनही दिसते आणि छानच दिसते. पाणी माणशी दोन लिटर, वाटेत भरायला नाही. हडसन इथे खारी आहे, भरती-ओहोटी चालते.

दक्षिणेकडून उत्तरेकडे जा, म्हणजे ताजे पाय धोंड्यांना मिळतात. शेवटी पीनट लीप नावाचा धबधबा लागतो. आम्हाला बोटाएवढी धार दिसली. तिथून लाँग पाथ नावाच्या दुसऱ्या वाटेने दगडी पायऱ्या चढून वर यायचं. पायऱ्या इथे आहेत, जायंट स्टेअर्सवर नाहीत. थकलेल्या पायांना त्या संपता संपत नाहीत, पण मला पाय कुठे ठेवायचा ते दिसतंय याचाच इतका आनंद झाला की मी शिट्टी वाजवत चढलो. बायको म्हणाली, पुढच्या वर्षी परत येऊ. मेहुणा काही बोलला नाही.

आणि घाईत असाल तर सोडून द्या. याला अख्खा दिवस लागतो. सकाळी नऊच्या आत कड्याच्या पायथ्याशी पोचा.

दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीतल्याच पॅटरसन शहरातला ग्रेट फॉल्स पाहिला. २३ मीटरचा धबधबा, आणि त्याखालचा कातळ मात्र खराखुरा लाव्हा, त्याच उद्रेकात जमिनीवर पसरलेला. गाडी लावली की पाच मिनिटांवर. मेहुणा गाडीतच बसला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून.