ह्यो पिठ्या लईच माजलाय

सीताफळाला पिठ्या ढेकूण लागला की डोळ्याडोळ्यांमधल्या खाचा कापसासारख्या पांढऱ्या होतात. वर गोड चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी. असं फळ व्यापारी हातातही घेत नाही. पुरंदरातल्या आमच्या पावणेदोन एकरांत गेल्या श्रावणात हेच झालं. फवारावं तर पिठ्याच्या अंगावर मेण, औषध ओघळून जातं. खाचेत दडलेल्यापर्यंत तर ते पोचतच नाही.

म्हणून पिठ्या खाणारे क्रिप्टोलिमसचे भुंगेरे आणले. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा किडा १८९८ पासून भारतात आहे, मला मात्र आत्ता कळला. प्रयोगशाळेत लाल भोपळ्यांवर पिठ्या वाढवतात आणि त्यावर हे पोसतात. आईला हे सांगितलं तर तिला भोपळ्यांचीच हळहळ!

भुंगेरा जेमतेम चार मिलिमीटरचा, पाठ काळपट, डोकं नारिंगी. ऊन उतरल्यावर जास्त लागलेल्या झाडांवर आठ-आठ, दहा-दहा सोडले. दोन आठवडे काही नाही, भुंगेरेही दिसेनात. पैसे पाण्यात गेले, असं धरून चाललो.

तिसऱ्या आठवड्यात कामाच्या मावशी हाक मारत आल्या. "दादा, ह्यो पिठ्या लईच माजलाय, बगा तरी."

फांदीवर खरंच पांढरे झुबके, नेहमीच्या पिठ्याच्या दुप्पट-तिप्पट. ओली फडकी घेऊन दोघांनी तीन झाडं पुसून काढली. चौथ्यावर फडकं टेकवणार, तोच एक झुबका तुरुतुरु पळाला.

पिठ्या असा पळत नाही. पानावर घेऊन पाहिलं. मेणाच्या झिरमिळ्यांखाली सहा पाय, आणि पुढे तोंड पिठ्याच्या अंड्यांच्या पुंजक्यात खुपसलेलं. क्रिप्टोलिमसची अळी! पैसे मोजून आणलेली पिलावळ मीच चिरडत होतो. डबीवर अळीचं एखादं चित्र छापायला काय हरकत होती?

त्याच दिवशी खोडांना ग्रीसचे पट्टे केले, आळसाने राहिलेलं काम. चिकट्यापायी मुंग्या पिठ्याची राखण करतात, भुंगेऱ्यांना टिकू देत नाहीत.

पुढच्या महिन्यात बाकीच्या झाडांवरचा कापूस उतरत गेला. पुसलेल्या तिघांवर मात्र शेवटपर्यंत होता, त्यांची फळं सासवडला मिळेल त्या भावाला दिली. मावशी आता कुठलाही पांढरा झुबका दिसला की आधी काडीने डिवचतात. पळाला तर मला ओरडून सांगतात, "आपलाच हाय!"