डावी, वरची

मंगळवारी आमच्या ईपी लॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांतली गडबड शोधून बंद करायच्या खोलीत, बराच वेळ काहीच घडेना. काका टेबलावर. मांडीच्या शिरेतून वायरी हृदयापर्यंत पोचलेल्या, मधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डावीकडेही गेलेल्या. सर लेडचा ॲप्रन घालून उभे, मी काचेअलीकडे स्क्रीनसमोर. आणि ठोके अगदी शहाण्यासारखे, एकामागे एक. ज्या फडफडीसाठी काका साताऱ्याहून आले ती गायब. गाडी गॅरेजात नेली की आवाज बंद होतो ना, तसं.

"थांबू या," सर म्हणाले. "आयसोप्रेनालिन चालू कर." म्हणजे ठोके वाढवून फडफडीला डिवचायचं औषध.

चौदा वर्षं टेक्निशियन आहे मी. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे हृदयातली बिघडलेली जागा वायरीच्या टोकानं नुसतं जाळणं. निम्मं काम वाट बघण्याचं आहे, आणि या वाट बघण्याचं मोल दाखवून दिलं फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल ऐसागेर यांनी. (आम्ही कित्येक वर्षं 'हैसागुएरा' म्हणायचो. फ्रेंचमध्ये एच मुका असतो, हे एका फेलोनं सांगितलं तेव्हा सरांसकट सगळे ओशाळलो.)

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे, शाळेच्या पुस्तकातली अलिंदं, आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. माझ्या वडिलांची फडफड पाच वर्षं 'गॅस' म्हणून औषधं खात होती, त्यामुळे या आजाराशी माझं जरा वैयक्तिक वाकडं आहे.

आधी समज असा होता की कप्पाभर अनेक लहरी एकाच वेळी भटकतात, म्हणजे दोष अख्ख्या कप्प्याचा. अमेरिकेत जेम्स कॉक्स यांनी 1987 मध्ये यावर ऑपरेशन काढलं: कप्पा कापून परत शिवायचा आणि व्रणांचा असा भुलभुलैया करायचा की लहरींना फिरायला जागाच उरू नये. कॅथेटरवाले, म्हणजे छाती न उघडता शिरेतून वायरी घालणारे, मग तशाच रेघा आतून जाळून ओढू लागले. ऐसागेरही त्यातलेच. पण त्यांच्या टीमनं गोंधळ सुरू झाल्यावर काय होतं ते सोडून, तो सुरू कुठून होतो ते बघायचं ठरवलं. पहिला आगाऊ ठोका कुणाचा?

सप्टेंबर 1998 मधला तो पेपर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, झेरॉक्सची झेरॉक्स. पेशंट फक्त 45. आगाऊ ठोक्यांची उगमस्थानं 69 सापडली आणि त्यातली 65 हृदयाच्या कप्प्यांत नव्हतीच! फुप्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार नसांमध्ये होती, दोन ते चार सेंटिमीटर आत. कारण कप्प्याचा स्नायू सदऱ्याच्या बाहीसारखा त्या नसांवर थोडा पुढे गेलेला असतो. एकट्या डाव्या वरच्या नसेत 31.

ती ठिकाणं जाळल्यावर, सरासरी आठ महिन्यांनी, 28 जणांना फिब्रिलेशन परत आलेलं नव्हतं. उरलेले 17 मला जास्त आठवतात. शिवाय नसेच्या आत जाळलं की ती नस आकसू शकते, हे पुढे कळलं. म्हणून आता आत शिरून उंदीर शोधत बसत नाहीत, बाहेरून तोंडाभोवती गोल जाळून दारच बंद करतात. तरी पेशंटचा उंदीर कुठला, हे बघायचा मोह सरांना सुटत नाही. मलाही नाही.

काकांचे ठोके एकशे दहावर गेले. डाव्या वरच्या नसेतल्या गोल कॅथेटरवर नेहमी आधी कप्प्याचा रुंद, बोथट सिग्नल दिसतो आणि त्याच्यामागे नसेचा टोकदार काटा. मी डोळे न मिटता बघत होते. एका ठोक्याला क्रम उलटला. काटा आधी, कप्पा नंतर. पुढच्या क्षणी सगळ्या रेघा विस्कटल्या.

"डावी, वरची," मी माइकवर म्हणाले.

टेबलावरून काकांचा गुंगीतला आवाज आला, "पोरी, हेच बघ ते. पाखरू आलं."

"कळलं काका. हलू नका."

तासाभरानं त्या नसेभोवतीचं कडं पूर्ण झालं, बाकीच्या तिघींचंही. ठोके ताळ्यावर आले होते. पण कॅथेटर परत डाव्या वरच्या नसेत ठेवलं तर आत काटा अजून चालूच! आपल्याच लयीत, दोन-तीन सेकंदांनी एक. बाहेर कप्प्याला त्याचा पत्ता नाही.

वायरी काढताना काकांनी विचारलं, "मेलं का पाखरू?"

"नाही. आत बसलंय. दार लावलंय."

"मग बसू दे," म्हणाले, आणि चहा कधी मिळेल ते विचारलं.