रिकामी घागर

रविवार, रात्री साडेदहा

आईनं आज पुन्हा एका सिनेमाचा निकाल तीन शब्दांत लावला. टीव्हीवर कुठलासा हिंदी सिनेमा चालू होता. नायिका डोक्यावर घागर घेऊन विहिरीवरून येतेय, मागं गाणं, कंबर लचकतेय. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर केली न केली अन् म्हणाली, "रिकामी हाय ती." पुन्हा शेंगांत डोकं.

कशावरून, म्हणून विचारलं तर तिला माझीच कीव आली. भरली घागर डोक्यावर असली की बाई हसत-बोलत नाही. बाजूला बघायचं झालं तर नुसती मान वळवत नाही, सगळ्या अंगानं वळते. गळ्याच्या शिरा ताणलेल्या असतात. चुंबळ भिजून एका कानामागून पाणी ओघळत असतं आणि त्या बाजूचा पदर ओला असतो. "हिचा पदर बघ की. इस्त्रीचा हाय."

मी आडतीवर मुनीम. सध्या तुरीची आवक चालू आहे, त्यामुळं दिवसभर काटा, पट्ट्या आणि शेतकऱ्यांचे फोन. रात्री कीर्द मिटली की ही दुसरी वही काढतो. कॉलेजात असल्यापासून पाहिलेला प्रत्येक सिनेमा हिच्यात टिपलाय, काहींची तर तिकिटंही चिकटवलीत. कॅमेऱ्याची भाषा वगैरे मला कळत नाही. पण आज जुन्या वह्या चाळताना लक्षात आलं, मी आईचीच परीक्षा लावत आलोय. सिनेमात पाणी कसं हाताळलंय ते बघायचं. तिथं खोटं सापडलं की पुढचं मला पटतच नाही.

'ड्यून' या इंग्रजी सिनेमाचे दोन्ही भाग म्हणूनच मनातून जात नाहीत. दिग्दर्शक डेनिस व्हिलनव्ह कॅनडाचा, मूळ कादंबरी फ्रँक हर्बर्टची १९६५ सालची, चित्रीकरण जॉर्डन आणि अबू धाबीच्या वाळवंटात. म्हणजे आमचा कुणाचाच संबंध नाही. तरी पहिल्या भागात त्या वाळवंटातल्या टोळीचा म्होरक्या राजासमोर येतो आणि थेट टेबलावर थुंकतो, तिथं मी रिमोट थांबवला. पहारेकरी तलवारीला हात घालतात. मग एकाला उलगडतं की ज्या मुलखात पाणी नाही तिथं अंगातली ओल दुसऱ्यापुढं टाकणं हा मान आहे, आणि तोही उलट थुंकतो. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मानपानाला थुंकी? मग शिव्यांना काय करत असतील?"

त्याच भागात महालासमोर खजुराची वीस झाडं आहेत. एकेक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं. वीस झाडं म्हणजे शंभर जीव. माळी त्यांना पाणी घालतोय, बाहेर भाविक उन्हात उभे. राजपुत्र विचारतो, काढून टाकायची का? माळी म्हणतो, नको, ही पवित्र झाडं आहेत. हे बघताना आमच्यासारख्या मांजरा नदीकाठच्या माणसाला काय दिसणार? ऊस. धरण कोरडं पडलं, बोअर हजार फुटांवर गेलं, तरी वावरात उभा राहणारा हिरवागार ऊस. आणि कुणी म्हणायचीही सोय नाही, कारण तो पवित्र. माझ्या चुलत्याचाही आहे चार एकर, उगाच कशाला खोटं बोलू.

दुसऱ्या भागात मेलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी काढून घेतात आणि आपल्या माणसाचं असेल तर गुहेतल्या एका मोठ्या तळ्यात ओततात. तहानेनं जीव चालला तरी त्या तळ्याला कुणी तोंड लावत नाही. दृश्य फार देखणं आहे. पण मला तिथंच शंका आली. दुष्काळानं माणूस इतका गंभीर होतो? मी २०१६ पाहिलंय. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधी टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, इतकी भांडणं. आमच्या गल्लीत लोकांनी बॅरलला कुलपं घातली होती. सख्ख्या जावा नंबरावरून बोलेनाशा झाल्या. एक घागर कुणी जास्त भरली म्हणून सहा महिने अबोला चालला, आणि पुढं सप्टेंबरात धरण भरलं तरी तो सुटला नाही. तहान माणसाला चेंगट करते. व्हिलनव्हच्या वाळवंटात कुणीच चेंगट नाही. कुणाचे ओठही फुटलेले दिसत नाहीत. एवढं सोडलं तर अलीकडच्या इंग्रजी सिनेमांत माझा पहिला नंबर त्याचाच. आवाजासाठी तर नक्कीच. दुसऱ्या भागाला ध्वनीचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. घरच्या टीव्हीवरसुद्धा ताटल्या हलतात.

मंगळवार

वेळ कमी आहे, उद्या पहाटे नळ. धरण भरून वाहिलं, २०२५ च्या सप्टेंबरात तर पुरानं अर्ध्या मराठवाड्याची सोयाबीन नेली, पण आमच्या गल्लीत नळ आपला आठवड्यानंच.

वहीत राहून गेलेलं एक: 'छावा'. २०२५ च्या फेब्रुवारीत सगळ्या घरासकट थिएटरात पाहिला होता. शेवटी अख्खं थिएटर उभं होतं आणि माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, ते कबूल. पण घरी येऊन लिहायला बसलो तेव्हा फक्त औरंगजेब झालेल्या अक्षय खन्नाबद्दल लिहावंसं वाटलं. आवाज चढवत नाही तो, म्हणून भीती वाटते. बाकीचे सगळे इतके ओरडतात की कान बसतात. संगीत ए. आर. रहमानचं, पण त्यात संबळ, हलगी मी शोधत राहिलो. लेझीमचं दृश्य तर आक्षेपांनंतर काढूनच टाकलं. शिवाजी सावंतांची कादंबरी वाचताना जो माणूस भेटला होता, तो पडद्यावर मला थोडाच भेटला. हे आडतीवर बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी कुणी चहाला विचारलं नसतं. वहीत चालतं.

'साबर बोंडं' अजून बघायचा राहिलाय. रोहन कानवडेचा मराठी सिनेमा, २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी सिनेमांच्या विभागातलं सगळ्यात मोठं ज्युरी पारितोषिक घेऊन आला, आणि सप्टेंबरात लागला तेव्हा माझ्या आसपास कुठं त्याचा खेळ मिळाला नाही. त्या आठवड्यात तसाही पाऊस बाहेर पडू देत नव्हता. साबराची लाल बोंडं आम्ही लहानपणी खाल्लीत, काटे फडक्यानं पुसून. जिभेवर चार दिवस रंग राहायचा.

बुधवार

'सिनर्स' पाहिला. मुलाच्या लॅपटॉपवर, हेडफोन लावून, घरातले झोपल्यावर.

रायन कूगलरचा आहे, २०२५ चा. काळ १९३२, अमेरिकेतलं मिसिसिपी, कापसाची शेतं. दोन जुळे भाऊ शिकागोहून पैसा घेऊन परत येतात आणि एका जुन्या लाकूड गिरणीत काळ्या लोकांसाठी नाचगाण्याचा अड्डा सुरू करतात. मायकल बी. जॉर्डननं दोन्ही भाऊ केलेत, आणि तासाभरानं आपण विसरतो की माणूस एकच आहे.

सगळ्यांनी त्यातल्या गाण्याबद्दल सांगितलं होतं. मला आधी वेगळंच भिडलं. अड्ड्यावर लोक दारूचे पैसे द्यायला लागतात आणि त्यांच्या हातात खरे डॉलर नसतातच, मालकाच्या मळ्यावर चालणारी टोकनं असतात. मळ्याबाहेर त्यांना किंमत शून्य. धाकला म्हणतो घेऊ, थोरला म्हणतो धंदा कसा चालायचा. बरोबर मुनमाचा प्रश्न! आमच्याकडं टोकन नसतं, उचल असते. दिवाळीच्या आधी मुकादम येतो, कोयत्यामागं रक्कम मोजतो, आणि मग जोडपं ऊस तोडून ती फेडत बसतं. फिटली नाही की बाकी पुढच्या हंगामावर. कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन माणसं मिळून एक हत्यार. बीडकडची कितीतरी गावं त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांवर आणि लेकरांवर सोडलेली असतात. कूगलरला हे कुठलं माहीत असणार. पण मालकाच्या पैशानं बांधलेला माणूस शनिवारी रात्री कसा नाचतो, ते त्यानं बरोबर पकडलंय.

आणि मग ते गाणं. पोरगा गिटार घेऊन ब्लूज म्हणायला लागतो आणि एकाच सलग फिरत्या दृश्यात त्याचे आफ्रिकेतले पूर्वज ढोल घेऊन त्या गर्दीत येतात, पुढच्या काळातला इलेक्ट्रिक गिटारवाला येतो, डीजे येतो, चिनी दुकानदाराचे पूर्वज रंगवलेल्या तोंडानं नाचतात. छप्पर पेटतं. मी हेडफोन काढून पाणी प्यालो आणि पुन्हा पाहिलं. तीनदा. तुळजापूरच्या वाटेवर नवरात्रात देवीच्या आराधी बाया पेटता पोत घेऊन चालतात, संबळ वाजायला लागलं की माझी आई, जी घरात देवापुढं साधी आरती मोठ्यानं म्हणत नाही, तिचे खांदे आपोआप हलायला लागतात. कोण येतं तेव्हा तिच्या अंगात? तिची आई, तिची आजी? मी कधी विचारलं नाही.

उत्तरार्धात रक्तपिपासू येतात. मारामारी झकास आहे, पण माझं मन त्या गिरणीतच अडकलं. एक मात्र आवडलं: आत या म्हटल्याशिवाय त्यांना उंबरठा ओलांडता येत नाही.

शनिवार, उशिरा

भाचा पोलीस भरतीसाठी आमच्याकडंच राहतोय. पहाटे साडेचारला बूट घालतो, सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळा, मग ॲकॅडमीत गणित. रस्त्याच्या कडेनं पळणारी अशी पोरं आता आमच्याकडं प्रत्येक फाट्यावर दिसतात. त्याला म्हटलं, उद्या सुट्टी आहे, एक सिनेमा बघू. 'होमबाउंड' लावला.

नीरज घायवानचा. त्याचा 'मसान' माझ्या वहीत २०१५ ला चार पानं खाऊन बसलाय. हा २०२५ ला फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला, आपल्याकडून ऑस्करला गेला. हॉलिवूडचा दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी कार्यकारी निर्माता आहे म्हटल्यावर भाचा म्हणाला, "कोण ते?" बरंय, सोडून दिलं.

पहिल्याच भागात पोलीस शिपायाच्या परीक्षेला निघालेली पोरं स्टेशनवर गर्दी करतात, फलाट बदलतो, आणि सगळा लोंढा रुळांवरून पलीकडं धावतो. भाच्यानं थांबवायला लावलं. "मामा, परभणीला आमचं असंच झालतं." मग तो टेकून बसला होता तो सरळ बसला.

दोन मित्र. एक मुसलमान, एक दलित. दलित पोरगा भरतीचा अर्ज खुल्या गटातून भरतो, कारण जात कळली की पुढं काय होतं ते त्याला ठाऊक आहे. मुसलमान पोरगा एका कंपनीत शिपाई. टेबलावरच्या बाटल्या भरायचं काम. आणि एक जण त्याच्याकडून बाटली भरून घेत नाही. कुणी ओरडत नाही, संगीत उसळत नाही. एक बाटली, तेवढंच. घायवानला पाणी कळतं. या परीक्षेत इतका वरचा नंबर मी आजवर कुणाला दिलेला नाही.

तक्रारी आहेत. जान्हवी कपूरच्या वाट्याला आलेली मुलगी घाईत लिहिल्यासारखी वाटते. टाळेबंदी लागून दोघं सुरतेहून घराकडं निघतात तिथून सिनेमा जरा जास्तच डोळे पुसायला लावतो. ईशान खट्टर आणि विशाल जेठवा इतके खरे आहेत की तेवढ्याची गरज नव्हती.

आई मधेच येऊन दाराशी बसली. हिंदी तिला कळतं, कळत नाही असं दाखवते. दलित पोराच्या आईला शाळेत खिचडी शिजवायचं काम लागतं आणि गावातले पालक येऊन तिच्या हातचं नको म्हणून गोंधळ घालतात, तो भाग चालू होता. आई काही बोलली नाही. मी वाट बघत होतो तिच्या तीन शब्दांची. सिनेमा संपला, भाचा बाटली भरून झोपायला गेला, मी वही उघडली, तरी ती तिथंच.

मग म्हणाली, "आपणबी वरूनच वाढायचो."

मी विचारलं, कुणाला?

"गावाकडं. वेशीबाहेरची म्हातारी यायची. वट्यावर बसायची, वंजळ धरायची, मी वरून तांब्या वतायची. शिंतोडा उडू नये म्हणून लांबून." हात कसा धरायचा तेही करून दाखवलं. मनगट वाकडं, कोपर वर. चाळीस-पन्नास वर्षांनीही हात विसरला नव्हता.

थोड्या वेळानं गुडघ्यावर हात टेकून उठली. दिवा घालवता घालवता म्हणाली, "तू झालास तवा तीच होती. सुईण. तुला पयली अंघुळ तिनंच घातली."