आधी तळपाय बघते

सोमवार, रात्री

माझ्या खेळण्यांच्या कपाटात वरच्या फळीवरचा, व्हायनिल नावाच्या मऊ प्लास्टिकचा शिंगवाला राक्षस पुढे झुकायला लागला होता. डोकं मोठं, पाय आखूड आणि आत सगळं पोकळ. उकाड्यात मऊ व्हायनिल हळूहळू वजनाच्या दिशेने कलतं. आज त्याला खाली काढलं, डोकं आणि हात सुटे केले आणि पाय गरम पाण्यात धरले. पाणी उकळतं लागत नाही, चांगलं कडकडीत असलं की पुरे. पाय बोटांना मऊ लागले तसे सपाट जागी टेकवून सरळ केले आणि तसेच दाबून धरत गार पाण्यात घातले. गार होताना व्हायनिल ज्या आकारात असेल, तोच आकार धरून बसतं. राक्षस आता ताठ उभा आहे.

हे काम मला मनापासून आवडतं, कारण खेळणं जन्माला येताना जे घडलं त्याचाच एक छोटा भाग आपल्या हातून पुन्हा घडतो. मऊ व्हायनिलच्या या प्रकाराला जपानीत सोफुबी म्हणतात. मूळ शिल्पावरून आधी मेणाची प्रत काढतात आणि ती हाताने घासून-पुसून नीट करतात. मग तिच्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवतात. मेण वितळून निघून गेलं की मागे धातूचा पोकळ साचा उरतो. त्यात पातळ व्हायनिल ओतायचं आणि साचा तापलेल्या तेलात बुडवायचा. भिंतीलगतचा थर धरला की उरलेलं व्हायनिल परत ओतून काढायचं, पुन्हा तापवायचं आणि मग खरी कसोटी येते. कारागीर साच्याच्या तोंडात पकड घालतो आणि आतला आकार गरम असतानाच खेचून बाहेर काढतो. सुटलेलं पोट, फुगलेले गाल, वाकडी शेपटी, सगळं त्या अरुंद तोंडातून दबून बाहेर येतं आणि पुन्हा फुलतं. साचा दोन फाळक्यांचा नसल्यामुळे अंगावर जोडाची रेघ नसते. गार होताना आकार थोडा आकसतो, म्हणून मूळ शिल्प जरा मोठंच करावं लागतं.

पकड किती जोरात धरायची आणि कोणत्या क्षणी ओढायचं, हे मशीनवर सोपवता येत नाही. जपानमध्ये हे काम करणारे जुने हात आता कमी उरले आहेत, आणि जगभरचे कलाकार त्यांच्याकडे रांग लावून उभे आहेत. १९६६ मध्ये मारुसान कंपनीने गॉडझिलाचं मऊ व्हायनिलचं खेळणं काढलं तेव्हा ते मुलांसाठी होतं. तेच तंत्र पुढे शिल्पकारांच्या हाती आलं. मला वाटतं, या छंदातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

बुधवार

भाची आली होती. आल्याबरोबर कपाटापाशी. "मावशी, हे सगळे उघडलेत?" मी म्हटलं, सगळे. "मग हात लावू?" लाव की.

तिने तो जांभळा एकडोळ्या उचलला आणि डोकं गरागरा फिरवलं, ते निघूनच आलं. क्षणभर घाबरली. मी तिला आत बघायला सांगितलं. बाहेरून जांभळा, तपकिरी आणि चंदेरी असे फवाऱ्याचे थर, पण आतून नुसता फिकट गुलाबी. तो मूळच्या व्हायनिलचा रंग. बाहेरच्या रंगाखालून कडेकडेला जी उबदार झाक येते, ती तिथून येते. भाचीने डोकं डोळ्याला लावून मानेच्या भोकातून खोलीकडे पाहिलं आणि ते परत बसवलं. मानेची कड थोडी दाबून तिरकी घालायची, म्हणजे टक् करून बसते. हे तिला सांगावं लागलं नाही.

हा सांधा मला फार विचार करण्यासारखा वाटतो. लोकांना वाटतं, मान फिरावी म्हणून सांधा केला. पण साच्याला ओतायला आणि ओढून काढायला तोंड हवंच असतं. ते तोंड जिथे येतं तिथेच कापून सांधा होतो. म्हणजे डोकं फिरतं ते साच्याच्या गरजेमुळे. चांगला शिल्पकार ही गरज आधीच ओळखून असतो. कुठे गळपट्टा घालतो, कुठे मानेवर आयाळ आणतो, कुठे मनगटावर कडं चढवतो, आणि सांधा त्याखाली नाहीसा होतो. कच्च्या कामात तो मध्येच चिरल्यासारखा दिसतो. नवं काही हातात आलं की मी आधी तळपाय बघते आणि मग सांधे. तळपायावर नाव, साल आणि करणाऱ्याची खूण असते. कोणाच्या हातचं आहे हे कळल्याशिवाय चेहऱ्याकडे बघावंसं वाटत नाही.

जाताना भाची विचारत होती, यातलं सगळ्यात भारी कोणतं. तिच्या हातातला एकडोळ्याच, असं सांगितलं. खरंच तसं वाटतं मला. त्याच्या पाठीवरचे खवले बोटाने चाचपले तर प्रत्येक खवल्याची धार वेगळी लागते.

गुरुवार

एका मित्राशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. त्याचं म्हणणं, कलाकारांनी केलेल्या या खेळण्यांचं सगळं वेड ब्लाइंड बॉक्सपासून, म्हणजे आत कोणतं खेळणं आहे ते उघडेपर्यंत न कळणाऱ्या डब्यांपासून, सुरू झालं. मला ते पटत नाही. हाँगकाँगचा कलाकार मायकल लाऊ याने १९९९ मध्ये हाँगकाँग आर्ट्स सेंटरमध्ये 'गार्डनर' मालिकेतल्या ९९ आकृत्या मांडल्या. १२ इंची, स्केटबोर्डवाली, ढगळ कपड्यांतली, आपल्याच गल्लीतली वाटावीत अशी पोरं. त्याच वर्षी टोकियोच्या बाउंटी हंटर या ब्रँडबरोबर अमेरिकन कलाकार काव्झने आपला 'कम्पॅनियन' काढला, डोळ्यांच्या जागी फुल्या असलेला. त्याच्या आधीच्या वर्षी ब्रिटिश चित्रकार जेम्स जार्विसचा 'मार्टिन' आला होता. ही माणसं चित्र काढणारी, भिंती रंगवणारी, कपडे बेतणारी होती. त्यांनी खेळण्याचा आकार निवडला, कारण तो हातात घेता येतो आणि घरी नेता येतो. गॅलरीतलं शिल्प दोरीच्या पलीकडून बघावं लागतं. हे उशाशी ठेवता येतं. सुरुवात तिथे आहे.

मित्र म्हणाला, "पण लोकांपर्यंत पोचलं ते डब्यांमुळेच ना?" ते खरं आहे. मेडिकॉम टॉय या जपानी कंपनीचा बेअरब्रिक नावाचा अस्वल २००१ चा, किडरोबॉट या अमेरिकन कंपनीचा सशासारखा डनी २००४ चा. एकच आकार ठरवायचा आणि तो शेकडो कलाकारांना रंगवायला द्यायचा, ही कल्पना मोठी होती. ओवीचा छंद ठरलेला असतो, तरी प्रत्येकाची ओवी वेगळी निघते, तसं ते आहे. अस्वलाचं तेच गोल पोट, तेच दोन कान, आणि एकाने त्यावर नुसत्या रेघा मारल्या तर दुसऱ्याने ते आरपार पारदर्शक केलं. (काटेकोरपणे बोलायचं तर बेअरब्रिक बहुतेक वेळा कडक एबीएस प्लास्टिकचा असतो, व्हायनिलचा नव्हे. पण तो या घरातलाच.) त्याची उंची टक्क्यांत सांगतात: १०० टक्के म्हणजे ७ सेंटिमीटर, ४०० टक्के म्हणजे २८ आणि १००० टक्के म्हणजे ७०. माझ्याकडे ७ सेंटिमीटरचेच आहेत आणि मला तेच पुरेसे वाटतात. मुठीत मावणारी वस्तू आपण सगळ्या बाजूंनी बघतो.

शुक्रवार, उशिरा

कालचं बोलणं डोक्यातून गेलं नाही. आज शांतपणे हिशेब मांडला.

आजच्या पुष्कळ ब्लाइंड बॉक्स मालिकांत १२ नेहमीचे आकार असतात आणि एक लपवलेला, सिक्रेट. तो कित्येक मालिकांत १४४ डब्यांत एक असतो. समजा कोणी सुटे डबे घेतले आणि प्रत्येकात १२ पैकी काहीही निघण्याची शक्यता सारखी धरली. तर सगळे १२ जमायला सरासरी ३७ डबे लागतात. शेवटच्या एका आकारासाठीच सरासरी १२ डबे. सिक्रेटचं तर आणखी अवघड. १४४ सुटे डबे उघडूनही तो न मिळण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास राहते. "१४४ घेतले की मिळणारच" असं वाटतं, ते गणितात बसत नाही. चीनने २०२३ मध्ये ८ वर्षांखालच्या मुलांना ब्लाइंड बॉक्स विकू नयेत असा नियम केला, तो मला योग्यच वाटतो. डबा हलवून आवाज ऐकणं, वजनाचा अंदाज घेणं, यात मजा आहे हे मलाही कळतं. पण त्या मजेचा विषय डबा असतो, आतलं शिल्प नव्हे.

याचं वाईट वाटतं ते लाबूबूच्या बाबतीत. त्याचा चित्रकार कासिंग लुंग हाँगकाँगला जन्मला, नेदरलँड्समध्ये वाढला. उत्तर युरोपातल्या लोककथा ऐकत मोठा झाला आणि २०१५ मध्ये त्याने चित्रपुस्तकांतून आपले राक्षस उभे केले. लाबूबू त्यातलाच. लांब कान, टोकदार नऊ दात, चेहऱ्यावर खोडी काढून पळायच्या बेतात असल्यासारखा भाव. २०१९ पासून पॉप मार्ट या चिनी खेळणी कंपनीने त्याला घरोघरी नेलं. आता बॅगेला लटकवलेल्या लाबूबूबद्दल लोक पहिलं विचारतात, खरा की नकली, आणि दात मोजतात. दात मोजणारे त्या चित्रकाराची रेघ बघतात का? त्याच्या शाईच्या चित्रांत हाच चेहरा किती बोलका आहे! पुस्तकातलं पान आणि व्हायनिलचा चेहरा शेजारी ठेवून पाहिला तर कळतं की ओठांचा तो वाक साच्यात उतरवणं किती कठीण गेलं असेल.

नकली मालाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रंगाचा वास उग्र असतो, कडा फाटक्या असतात, आणि करणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. मात्र छोट्या कलाकाराने जुन्या खेळण्यांचे अवयव जोडून, स्वतः ओतून, थट्टेने काढलेला 'बूटलेग' वेगळा. तो उघडपणे सांगतो की मी कोणाची टिंगल करतोय. दोन्हींना एकाच नावाने हाक मारतात तेव्हा मला राग येतो.

शनिवार

अदलाबदलीसाठी दोघंजण आले. माझ्याकडे दोन-दोन झालेले डनी दिले आणि त्या बदल्यात 'मनी' नावाचा एक कोरा पुतळा घेतला. किडरोबॉटने २००५ मध्ये काढलेला हा पांढराशुभ्र गोळामटोळ, आपण रंगवावा म्हणूनच केलेला. पैशांचा विषय निघाला नाही. त्यातल्या एकाने आपण रंगवलेले दोन दाखवले. एकावर दुरुस्तीच्या पुट्टीने लाकडाच्या सालीसारखा पोत आणला होता, आणि त्या सालीत नखाएवढी खिडकी. खिडकीत उजेडाचा पिवळा ठिपका. असं काही बघितलं की न उघडलेल्या डब्यांच्या थप्प्या लावणाऱ्यांची खरंच कीव येते.

जपणुकीवर बोलणं झालं. उन्हात पांढरा रंग पिवळा पडतो. व्हायनिल मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य वर्षांनुवर्षं बाहेर झिरपतं, त्यामुळे अंग चिकट होतं. हवाबंद पिशवीत ते आतच साचून राहतं. वेगवेगळ्या रंगांची दोन अंगं एकमेकांना चिकटवून ठेवली तर गडद रंग फिक्यावर उतरतो. म्हणजे मोकळी हवा, सावली आणि मध्ये बोटभर अंतर. दोघांनीही मान डोलावली. दोघांच्याही कपाटात असलं काहीतरी होतं.

रविवार

जपानच्या एका छोट्या सोफुबीवाल्याच्या सोडतीत नाव घातलं. तीस-चाळीस नग निघतात आणि मागणारे कितीतरी जास्त, म्हणून हे लोक चिठ्ठ्या टाकून विकतात. जो आधी बोट दाबेल त्याला मिळावं, यापेक्षा मला हे बरं वाटतं. हिरव्या पारदर्शक व्हायनिलमधला कासव-राक्षस, पाठीवर चंदेरी फवारा. फोटोत कवचाखालचा सांधा शोधत होते, तो सापडला नाही, इतका बेमालूम बसवलाय.

निकाल पुढच्या आठवड्यात. नाव नाही आलं तर पुढच्या रंगाच्या वेळी परत घालीन. रंग वेगळा असेल, साचा हाच.